भिंतीपलीकडचं पेव

मार्च म्हणजे हळदीचा ऐन हंगाम. सौदे आटोपले की दुपारी तीनच्या सुमाराला पेढीवर जरा उसंत मिळते. गेल्या आठवड्यात अशाच वेळी आमचा तोलाईवाला चहा पिता पिता बोलून गेला, "दिवाणजी, म्हातारी लई संशयी झालीय हल्ली. सुनेनं चहात कायतरी घातलं म्हणती. वय झालं, चालायचंच."

मी शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी लिहीत होतो, तो हात थांबला. या 'चालायचंच'पायी आमच्या घराचे अकरा महिने गेलेत. त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो गेल्यावर वाटलं, लिहूनच काढावं.

माझ्या आईचं माहेर हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, सांगलीला लागून असलेलं गाव. तिच्या वडलांची, म्हणजे आमच्या आजोबांची, हळदीची पेवं होती. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही. आणि त्याच कारणानं पेव उघडल्या उघडल्या माणूस आत उतरत नाही. तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. आई लहानपणी आजोबांच्या शेजारी उभी राहून हा कंदील बघायची. ही गोष्ट तिनं आम्हा भावंडांना शंभरदा सांगितली असेल. पुढं ती अशा रीतीनं आमच्या घरात येईल असं वाटलं नव्हतं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. जुना वाडा, वाटणीत दोन झालेला, मधली भिंत सामाईक. पलीकडं शेजारी राहतात ते नवरा-बायको आमच्यापेक्षा वयानं थोडे मोठे, भाऊ-वहिनी म्हणतो आम्ही त्यांना. चाळीस वर्षांचा शेजार. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा दोन्ही घरं बुडाली. चिखल काढताना दोन्हीकडच्या बायका एकाच स्टोव्हवर चहा करत होत्या. वडील त्याआधी दोन वर्षं गेले होते. पूर ओसरतोय तोवर कोरोना आला. आईचं भजनी मंडळ बंद पडलं ते पुन्हा नीट सुरू झालंच नाही. त्यातच तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. टीव्हीचा आवाज वाढत गेला आणि बोलणं कमी होत गेलं. आम्ही म्हणालो, वय झालं.

२०२२ च्या दिवाळीनंतर एके सकाळी ती म्हणाली, "रातभर पलीकडं खणत हुते."

मी मान डोलावली. पुराच्या ओलीनं भिंतीचं प्लास्टर सुटलेलं होतं, म्हटलं शेजारी काही काम करत असतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी संध्याकाळी भाऊंच्या दारात गेलो आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो की रात्री ठोकाठोकी करू नका, म्हातारं माणूस आहे घरात. भाऊ माझ्याकडं बघतच राहिले. त्यांच्याकडं काहीच काम नव्हतं. म्हणजे पहिला महिनाभर मी आईच्या आजारावर विश्वास ठेवला आणि चांगल्या शेजाऱ्याशी वाकडं घेतलं.

मग खणण्याचं कारण कळलं. त्यांनी भिंतीच्या बुडाशी पेव खणलंय, आणि रात्री त्याचं तोंड उघडून आतली कोंडलेली हवा आईच्या खोलीत सोडतात. त्या हवेनं तिला ठसका लागतो, छाती भरते. का सोडतात? तर वाड्याची तिची बाजू त्यांना पाहिजे. हे सगळं ती शांतपणे सांगायची. रडारड नाही, बडबड नाही. जसं एखादा शेतकरी अमुक व्यापाऱ्यानं काटा मारला म्हणून सांगतो, तसं.

आणि बाकी सगळं जागच्या जागी. हे मुद्दाम लिहितोय, कारण इथंच आम्ही फसलो. दुधाच्या बिलात दूधवाल्यानं दोन दिवस जास्त लावले, तर तिनं त्याला जिन्यातून परत बोलावलं. सिलिंडर कधी लावला, नातवाची परीक्षा कधी, हरतालिका कुठल्या वारी, सगळं तोंडपाठ. वेड लागलेलं माणूस असं असतं का? आमच्या डोक्यात वेड म्हणजे केस पिंजारलेले आणि रस्त्यानं बोलत फिरणं. स्वयंपाकघरात बसून नीट मेथी निवडणारी बाई आजारी असू शकते, हे डोक्यातच शिरत नव्हतं.

फेब्रुवारीत आवाज सुरू झाले. भिंतीपलीकडून भाऊ-वहिनी तिच्याबद्दल बोलतात म्हणे. "म्हातारी आजून कशी जाईना, म्हणत्यात." मी भिंतीला कान लावला. पलीकडं टीव्हीवर मालिका चालू होती, ती पण पुसटशी. मी म्हटलं, आई, टीव्ही आहे गं तो. ती म्हणाली, "टीव्ही मुद्दाम लावत्यात. म्हंजी तुला ऐकू येऊ ने."

तिनं खोलीची डागडुजी सुरू केली. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, कणकेची खळ शिजवायची आणि भिंतीतली एकेक फट बुजवायची. प्लगची भोकं, खुंटीच्या कडा, वडलांच्या फोटोमागची भेग. पट्ट्या अशा सरळ रेषेत लावलेल्या की कुणी म्हणावं, हात काय सुरेख आहे. एकावर एक सात-सात थर. नंतर आम्ही त्या काढल्या तेव्हा प्रत्येक थरावर वेगळी तारीख निघाली, झाडाच्या खोडातली वर्षं मोजावीत तशी.

एका रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो. आईच्या दाराखालून उजेड दिसला. दार लोटलं. ती भिंतीजवळ जमिनीवर बसलेली, अंगावर शाल, आणि समोर माळ्यावरचा जुना कंदील. पुरातून वाचलेला, काच घासून लख्ख केलेला. ती ज्योतीकडं टक लावून बघत होती. पेवात सोडायचा कंदील.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "आई, हे बघ, कंदील चांगला जळतोय. म्हणजे हवा चांगली आहे. आजोबा काय म्हणायचे?"

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, जिंकलो.

"त्यास्नी कळलंय मी कंदील लावती ते," ती म्हणाली. "म्हणून आज सोडली न्हाई."

आमच्या धंद्यात माल दाखवला, वजन केलं, की वाद मिटतो. त्यामुळं मी पुरावा दाखवण्याचा हट्ट सोडत नव्हतो. भाऊंचे हातपाय धरून, माफी मागून, आईला त्यांच्या घरात घेऊन गेलो. बघ, इथं पलंग आहे, इथं फ्रीज आहे, कुठंय पेव? तिनं टाचेनं फरशी ठोकून बघितली. "फरशी नवी हाय. का घातली नवी?" पुरात जुनी उखडली म्हणून घातली होती, हे तिला आमच्याइतकंच माहीत होतं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला. आईनं तेवढं बरोबर टिपलं. घरी आल्यावर म्हणाली, "बगितलंस? अपराधी माणसाला रडू येतं."

त्यानंतर मी चिडायला लागलो. ओरडलो तिच्यावर. एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठलो. बायको तिला 'आत्या, असू दे, आपण माझ्या खोलीत झोपू या' म्हणायची आणि तिच्याजवळ आई दोन-तीन तास तरी शांत झोपायची. म्हणजे उपाय घरातच होता, पण मला वाद जिंकायचा होता.

उन्हाळ्यात आईनं पोलिसांना अर्ज लिहिला. सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. 'मा. साहेब, विनंती अर्ज करते की, माझे राहते घराचे पश्चिम भिंतीलगत…' असा सुरू झालेला, खाली तारीख, सही, आणि सोबत वर्तमानपत्राची एक पट्टी पुरावा म्हणून टाचलेली. चौकीतल्या हवालदारानं तो नीट वाचला, तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि मला फोन केला. त्या माणसाचे उपकार आहेत. फोनवर म्हणाला, "साहेब, आजी खोटं बोलत नाहीत. त्यांना तसं होतंय. डॉक्टरला दाखवा." आठ महिन्यांत हे असं सरळ कुणी बोललं नव्हतं.

तरी आणखी तीन महिने गेले, कारण ताई आली. ताईच्या मते हे बाहेरचं होतं, भिंतीत कुणी काही पुरलंय. तिनं आईला देवरुषाकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं आणि जाता जाता सांगितलं, पश्चिमेकडून त्रास आहे. झालं! आईच्या म्हणण्यावर शिक्काच बसला. ताईवर राग नाही माझा, ती पण घाबरलेली होती. पण त्या एका वाक्यानं आमचं काम दुप्पट झालं.

सप्टेंबरात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो, ठसक्याचं निमित्त करून. त्यांनी आधी शरीराकडं बघितलं. रक्त, साखर, सोडियम, थायरॉइड, बी-१२, लघवी. मेंदूचा सीटी. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या, कारण सर्दीच्या, झोपेच्या, वारंवार लघवीच्या काही साध्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. आणि कानात बॅटरी मारून बघितली. दोन्ही कानांत मळाचे दगड. ते निघाल्यावर थोडं ऐकू आलं, पण थोडंच. मग चिठ्ठी दिली मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञांची.

त्यांनी आईची परीक्षा घेतली, तीस गुणांची. आजची तारीख काय, म्हटल्यावर आईनं विचारलं, "तिथी सांगू का इंग्रजी?" आणि दोन्ही सांगितल्या. शंभरातून सात-सात वजा करणं खडाखड केलं. अठ्ठावीस गुण मिळाले. चित्र काढण्यात एक आणि शब्द आठवण्यात एक गेला. मला नसते मिळाले.

डॉक्टर नंतर माझ्याशी बोलले, त्यातलं जमेल तेवढं लिहितो.

म्हातारपणी संशय किंवा भास सुरू झाले की पहिला प्रश्न, किती दिवसांत आलं? दोन-चार दिवसांत, कधी शुद्धीवर कधी नाही, रात्री जास्त, असं असेल तर ते बहुधा शरीराचं काहीतरी: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी. त्याला डिलिरियम म्हणतात आणि ते त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं प्रकरण आहे. महिनोन्महिने हळूहळू आलं आणि सोबत विसरभोळेपणा असेल, तर डिमेन्शिया बघायचा. त्यातला संशय बऱ्याचदा चोरीचा असतो. माणूस स्वतःच वस्तू ठेवतो, विसरतो, आणि सुनेनं किंवा कामवालीनं नेली म्हणतो. आमच्या पेढीमालकांच्या काकू पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि रोज नवा चोर धरायच्या, ते मला तेव्हा आठवलं. तिसरं, नैराश्य. खोल उदासीत 'मी पापी, माझी आतडी सडली, घर बुडालं' असे भ्रम होतात.

आणि चौथं, आईसारखं. स्मरण शाबूत, व्यवहार शाबूत, फक्त एक पक्का भ्रम आणि सोबत आवाज. याचं नाव लांबलचक आहे. साठीनंतर सुरू होणारा, स्किझोफ्रेनियासारखा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार. मार्टिन रॉथ नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५५ मध्ये अशा रुग्णांना 'लेट पॅराफ्रेनिया' म्हटलं होतं. बायकांत जास्त. एकट्या पडलेल्यांत जास्त. ऐकू कमी येणाऱ्यांत जास्त. तरुणपणच्या स्किझोफ्रेनियात बोलणं विस्कळीत होतं, माणूस थंड पडतो, तसं यात सहसा होत नाही.

मग ते म्हणाले, "या रुग्णांत एक खास लक्षण वारंवार दिसतं. माणसं, वायू, किरणं, आवाज हे भिंतीतून, जमिनीतून, छतातून आरपार येतात असं वाटणं. जिथून काही येऊच शकत नाही तिथून." माझ्या अंगावर काटा आला. मला वाटत होतं ही भिंत फक्त आमचीच. जगभरच्या म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांना अशा भिंती आहेत, आणि प्रत्येकाचा पलीकडचा शेजारी हैराण आहे. फरक इतकाच की कुणाच्या भिंतीतून यंत्राचे किरण येतात, आणि माझ्या आईच्या भिंतीतून हरिपूरच्या पेवातली हवा आली. भ्रमालाही घरचाच माल लागतो.

कानाचं मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, कान मंद झाले की पलीकडची पुटपुट नुसती पुटपुट म्हणून येते, शब्द मेंदू भरतो. मनात भीती असेल तर शब्द भीतीचेच भरले जातात. प्रत्येक बहिऱ्याला हे होत नाही, पण ज्याला झालंय त्याचे कान आधी बघावेत. (डोळ्यांचंही असं एक असतं. हरिपूरच्या आमच्या मामांची नजर गेली तेव्हा त्यांना अंगणात फेटेवाले दिसायचे. पण मामा स्वतःच हसून म्हणायचे, 'कोण नाही ते, डोळ्यांचा खेळ आहे.' ते वेगळं. त्याला मानसिक आजार म्हणत नाहीत.)

गोळीचं आम्ही विचारलं, चहात घालू का? त्यांनी साफ नाही म्हटलं. "आधीच तिला वाटतंय की लोक लपून काहीतरी करतात. तुम्ही खरंच लपून केलंत आणि तिला कळलं, तर ती बरोबर ठरेल." मग ते आईशी बोलले, मोठ्यानं, समोर तोंड करून, एकेक शब्द. पेव आहे की नाही यावर अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "आजी, रात्र रात्र जागता. किती महिने झाले?" आई म्हणाली, "दहा-अकरा." "दमला असाल." आणि आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अकरा महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. "झोपेसाठी आणि जिवाची घालमेल कमी व्हायला बारीक गोळी देतो, घ्याल?" ती हो म्हणाली.

आधी ईसीजी काढला, मग ॲमिसल्प्राइड ही भास-भ्रमांवरची गोळी, ५० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी १००. तरुण रुग्णाला ही गोळी चारशे-आठशेपर्यंत देतात, म्हाताऱ्यांना थोडक्यात पुरते आणि थोडक्यातच त्रासही होतो: हात थरथरणं, अंग ताठणं, पडणं. म्हणून दर महिन्याला चालायला लावून बघतात. डिमेन्शिया असेल तर या जातीच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, तिथं फारच जपून, अगदी गरज असेल तरच. त्यामुळं कुणी माझं वाचून मेडिकलमधून गोळी आणू नका. तोलाईवाल्यालाही हेच तीनदा सांगितलं.

सहा आठवड्यांनी तिनं पट्ट्या लावणं थांबवलं. आवाज आधी दिवसाचे गेले, मग रात्रीचे. कानाचं यंत्र पंचवीस हजारांना पडलं आणि पहिले पंधरा दिवस ते डब्यातच होतं, कारण भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणाली. सवय झाल्यावर भजनाला जायला लागली. गोळी मोठी की यंत्र मोठं की भजन, मला ठरवता येत नाही.

मध्ये एकदा, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका रात्रीत सगळं उलटलं. आई मला ओळखेना, वडलांना हाका मारत होती. मी घाबरलो, आजार परत आला म्हणून. पण बायकोला डॉक्टरांचा पहिला प्रश्न आठवला, किती दिवसांत आलं? तिनं सकाळीच लघवी तपासायला दिली. संसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि आठवडाभरात आई परत दूधवाल्याशी भांडायला उभी.

आई बरी आहे का, असं तोलाईवाल्यानं शेवटी विचारलं. आहे. पण 'तो आजार होता' असं ती आजही म्हणत नाही. एकदा मी न राहवून विचारलं, पेवाचं काय झालं गं? भाजी चिरता चिरता म्हणाली, "बुजवलं असंल. हल्ली सोडत न्हाईत." मी गप्प बसलो. हे गप्प बसणं मी फार उशिरा शिकलो. संक्रांतीला वहिनी तिळगूळ घेऊन आल्या तर आईनं घेतला, त्यांच्या हातावर दिला, आणि त्या गेल्यावर हळूच वास घेऊन मग खाल्ला.

कंदील मी माळ्यावर टाकायला निघालो होतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे खालीच. पावसाळ्यात लाइट जाती."